खुराड्यात वाळू घालावी का?

विजापूर रस्त्याकडे नवं घर बांधलेल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "घरामागे आठ गावठी कोंबड्या पाळल्या आहेत. अंड्यांच्या पैशांतून मुलीची वह्या-पुस्तकं निघतात. पण पावसाळ्यापासून खुराड्याला फार वास येतो, माशा होतात. शेजारच्या वहिनींनी दोनदा बोलून दाखवलं. हे म्हणतात, कोंबड्या विकून टाक. एकीनं सांगितलं, खुराड्यात वाळू घाल. बांधकामाची वाळू थोडी उरली आहे. घालू का?"

ताई, कोंबड्या विकायची घाई करू नका. वाळू जरूर घाला. मात्र वाळू घातली की काम संपलं, असं नव्हे. रोज पाच-दहा मिनिटं देणार असाल तरच वाळूचा उपयोग.

आधी वास का येतो ते पाहू. कोंबडीच्या विष्ठेत जो पांढरा भाग दिसतो, तो ओला राहिला की कुजतो आणि त्यातून अमोनिया वायू सुटतो. नाकाला झोंबतो तो हाच. त्यानं कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात, त्यांना श्वासाचे विकार जडतात. म्हणजे खरा शत्रू ओलावा. विष्ठा लवकर वाळली किंवा उचलली गेली, तर वासही नाही आणि माशाही नाहीत.

वाळू इथेच कामाला येते. ती पाणी धरून ठेवत नाही. विष्ठेभोवती चिकटून तिच्या गोळ्या करते आणि आपल्या सोलापूरच्या कोरड्या हवेत त्या लवकर सुकतात. भाताचं तूस किंवा वखारीतला लाकडाचा भुसाही चांगला, पण भात काही आपल्याकडचं पीक नाही, तूस बाहेरून आणावं लागतं. शेंगाचटणीच्या या गावात भुईमुगाच्या टरफलांना तोटा नाही, तीही चालतात, मात्र बुरशी आलेली नकोत. ही सगळी अंथरणं भिजली की स्वतःच कुजतात आणि बदलावी लागतात. वाळू कुजत नाही. चाळून, उन्हात वाळवून तीच पुन्हा वापरता येते. यंत्रमागाच्या शेजारी राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: सुताचा कचरा खुराड्यात कधीही घालू नये. धागे कोंबडीच्या बोटांना गुंडाळतात, आणि तिनं गिळले तर गळ्याखालच्या पिशवीत अडकतात.

वाळू कोणती? जाड, धुतलेली. गिलाव्याची बारीक वाळू नको. तिची धूळ कोंबड्यांच्या छातीत जाते, आपल्याही. हल्ली खडी दळून केलेली वाळू सगळीकडे मिळते. तिच्यात पूड फार असते, म्हणून धुतल्याशिवाय वापरू नये. नदीची वाळू विकत घ्यायची असेल तर पावती मागून घ्या. परवान्याशिवाय भीमेची किंवा सीनेची वाळू उचलणं हा गुन्हा आहे.

परीक्षा सोपी आहे. काचेच्या बरणीत अर्धी वाळू, वर पाणी घालून हलवा आणि तासभर ठेवा. वाळू खाली बसते, तिच्यावर मातीचा थर बसतो. थर जाड दिसला तर पिंपात पाणी ओतून ढवळा आणि गढूळ पाणी काढून टाका. तीन-चार वेळा असं करून कडक उन्हात वाळवा. शाळेत मुलींकडून मी हा प्रयोग करून घेते, त्यांना मोठी गंमत वाटते.

किती लागेल? थर चार इंचांचा हवा. तुमचं खुराडं चार फूट बाय सहा फूट धरलं, तर ८ घनफूट वाळू लागते. ब्रास म्हणजे १०० घनफूट, यावरून अंदाज येईल. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांनी मोजलं तर साधारण साडेसहा पोती. तुमची उरलेली वाळू बहुधा पुरेल.

गच्चीवर कोंबड्या पाळणाऱ्या भगिनींनी मात्र वाळूच्या फंदात पडू नये. चार इंचांचा कोरडा थर दर चौरस फुटाला सुमारे १५ किलो भरतो, म्हणजे एवढ्याशा खुराड्यात साडेतीनशे किलोंच्या वर. भिजल्यावर आणखी जड. स्लॅबवर असं ओझं कायमचं ठेवू नये. तिथे भुसाच बरा.

घालायची कशी? काळ्या मातीवर थेट वाळू टाकू नका. पहिल्याच पावसात माती वाळूला गिळते आणि नुसता राडा होतो. खाली मुरूम ठोकून घ्या किंवा शहाबादी फरशी बसवा. जमीन अंगणापेक्षा वीतभर उंच, किंचित उताराची असावी. उताराच्या टोकाला पाणी जायला जाळी लावलेलं भोक ठेवा. वाळू सांडू नये म्हणून दाराशी एक विटांची रांग पुरे. पाण्याचं भांडं शक्यतो बाहेर ठेवा. आतच ठेवायचं तर परातीत दोन विटा मांडून त्यांवर. खुराडं भिजतं ते पुष्कळदा पावसानं नव्हे, या भांड्यानं.

रोजचं काम. रात्री कोंबड्या दांडीवर बसतात, म्हणून बरीचशी विष्ठा दांडीखालीच पडते. तिथे जुना पत्रा ठेवला तर सकाळी तो उचलून झटकला की झालं. बाकीच्या गोळ्या जुन्या झाऱ्यानं उचलाव्यात. वाळू खाली गळते, गोळी झाऱ्यावर राहते. आठवड्यातून एकदा मोठ्या भोकांच्या चाळणीनं वरचा थर चाळावा. ही चाळणी आणि झारा पुन्हा स्वयंपाकघरात आणायचे नाहीत. चाळताना नाकाला पदर बांधावा आणि नंतर हात साबणानं धुवावेत.

काम नीट चाललं आहे की नाही, हे उभ्यानं कळत नाही. खुराड्यापाशी खाली बसा, कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. तिथे झोंबलं नाही, तर सगळं ठीक.

ऋतूप्रमाणे. आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात. तेव्हा वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री लावा. वाळू भिजलीच तर तशीच राहू देऊ नका, ओली काढून कोरडी घाला. ओल्या अंथरणात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि लहान पक्षी पटापट जातात. थोडी कोरडी वाळू पोत्यात भरून ठेवलेली बरी. मे महिन्यात उलटी गोष्ट. उघड्यावरची वाळू तापून पाय भाजतात. सावलीतली वाळू मात्र खालून गार असते, कोंबड्या ती उकरून पोट टेकून बसतात. तेव्हा पत्र्यावर ओली पोती टाका आणि सावली जपा. अगदी लहान पिलांना वाळूवर ठेवू नका. हिवाळ्याच्या रात्री ती गार पडते आणि पिलं गारठतात. त्यांना तुसाची ऊब हवी.

दाणे वाळूवर फेकू नयेत, भांड्यातच द्यावेत. दाणे भरडायला कोंबडी चार खडे आपणहून गिळते, तेवढे तिला पुरतात. वाळूनं अंड्याचं कवच मात्र टणक होत नाही. त्यासाठी शिंपल्याचा चुरा वेगळा द्यावा.

दुसऱ्याच्या खुराड्यातली वापरलेली वाळू फुकट मिळाली तरी आणू नये, तिच्याबरोबर रोग येतो. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा फार मोठ्या संख्येनं कोंबड्या माराव्या लागल्या. एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या तर त्यांना हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं.

गोळा केलेली विष्ठा ताजी झाडाला घालू नका, मुळं जळतात. वाळल्या पाल्यात मिसळून, झाकून तीन-चार महिने कुजवा. उत्तम खत होतं.

तर ताई, उरलेली वाळू या रविवारी धुऊन वाळत टाका. खालची जमीन मुरूम टाकून ठोकून घ्या, मग थर द्या. महिनाभर नेमानं करा. मग यजमानांना खुराड्यापाशी नेऊन उभं करा आणि काय ते विचारा. शेजारच्या वहिनींकडेही आपण होऊन जा. त्यांच्या कुंड्यांसाठी खत कधी तयार होईल ते सांगा, आणि चार अंडीही न्या. वास कमी झाला की तक्रारही बहुतेक मिटेल, आणि मुलीच्या वह्यांचे पैसे तुमच्या हाती राहतील.