लग्नातला घास आणि नंतरचे ताट

लग्नाच्या पंगतीत एक प्रसंग हमखास येतो. नवरा-नवरी शेजारी शेजारी बसतात, ताटाभोवती रांगोळी असते, उदबत्तीचा वास असतो. करवल्या ओरडतात, "नाव घ्या, नाव घ्या!" नवरीचा उखाणा पाठ असतो. नवऱ्याचा नसतो. तो दुसऱ्या ओळीला अडतो आणि मागून कोणी मामा यमक पुरवतात. मग घास भरवायचा. तो जिलेबीचा तुकडा तिच्या तोंडाशी नेतो, ती लाजून अर्धाच चावते, आणि तेवढ्यात व्हिडिओवाला म्हणतो, "साहेब, पुन्हा एकदा, लाइट नव्हता." असे करता करता बिचारीला दोन-तीन जिलेब्या खाव्या लागतात. सगळा मांडव टाळ्या वाजवतो.

वाचकहो, माझा प्रश्न एवढाच आहे. सत्यनारायण झाला, पाहुणे गेले, मांडव उतरला, की हा घास जातो कुठे?

आपल्याकडच्या पुष्कळ घरांत त्यानंतर ही दोघे एका वेळी जेवायला बसतच नाहीत. आधी मुले, मग पुरुषमंडळी, मग सासूबाई आणि सर्वांत शेवटी नवी सून. नवऱ्याला बायको दिसते ती वाढताना. "अजून एक घ्या ना" हे तिचे शब्द त्याला ऐकू येतात. तिने स्वतः काय घेतले हे मात्र त्याला सांगता येत नाही. मी दवाखान्यात मुद्दाम विचारून पाहतो, "काल रात्री सूनबाई काय जेवल्या?" नवरा आत्मविश्वासाने सांगतो, "पोळी, भाजी, वरण-भात." ती खाली बघून हसते. मग हळूच कळते की भाजी संपली होती. तिने सकाळची पोळी चहाबरोबर खाल्ली.

माझे मत स्पष्ट आहे. नव्या जोडप्याने निदान रात्रीचे जेवण एकत्र घ्यावे, आणि घरातील मोठ्यांनी त्यांना ते घेऊ द्यावे. ह्यात प्रेमाचा भाग आहे, तो ज्याचा त्याने पाहावा. डॉक्टर म्हणून मला त्यात रक्ताचा भाग दिसतो.

मध्यंतरी एक तरुण जोडपे आले. लग्नाला सात-आठ महिने झालेले. तक्रार नवऱ्याची होती आणि तो ती हसत हसत सांगत होता. "डॉक्टरसाहेब, ही माझ्या भाचीच्या पाटीवरच्या पेन्सिली खाते. भाची रोज भोकाड पसरते. कालच डबा आणला, आज अर्धा!" बायको शरमेने लाल झाली, असे लिहायला आवडले असते, पण लाल व्हायला अंगात रक्त लागते. पापणी खाली ओढून पाहिली तर आत पांढरीफटक. जिना चढताना दम लागतो, केस गळतात, दुपारी गळून गेल्यासारखे वाटते, हे सगळे विचारल्यावर निघाले. हिमोग्लोबिन ८.४. गरोदर नसलेल्या स्त्रीला ते निदान १२ असावे लागते.

पेन्सिल, खडू, भाजलेली माती, कच्चे तांदूळ, बर्फ अशा वस्तू खाण्याची ओढ हे अंगात लोह कमी असल्याचे नेहमीचे लक्षण आहे. वैद्यकात त्याला 'पायका' म्हणतात. घरात मात्र त्याची थट्टा होते, किंवा "डोहाळे लागले वाटतं" म्हणून सासूबाई खूश होतात. ह्या मुलीला डोहाळे नव्हते. तिला लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताची गोळी दिली. महिन्याभराने आली तेव्हा नवरा म्हणाला, "पेन्सिली शिल्लक राहायला लागल्या." हिमोग्लोबिन वाढले होतेच. तरी गोळ्या थांबवल्या नाहीत, कारण आकडा सुधारल्यावरही शरीरातला लोहाचा साठा भरून यायला आणखी दोन-तीन महिने लागतात. (आपले बहुतेक रोगी बरे वाटले की गोळ्या फ्रीजवर ठेवून देतात. फ्रीजचे हिमोग्लोबिन छान असते.)

ही एकट्या त्या मुलीची गोष्ट नाही. २०१९ ते २१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. घर तेच, चूल तीच, धान्यही तेच. फरकाचे एक कारण निसर्गाचे आहे: दर महिन्याला स्त्रीच्या शरीरातून रक्त जाते. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह पुरते, तर स्त्रीला २९ लागते. ह्या हिशेबाने पहिली पंगत तिची व्हायला हवी. निसर्गाने जास्त मागितले आणि आपण कढईचा तळ दिला.

मांसाहारी घरांत तर रविवारी गंमत पाहावी. मटण शिजते, वास गल्लीभर जातो. फोडी पुरुषांच्या ताटात आणि शेवटी बायकांना रस्सा. मटणातले, विशेषतः कलेजीतले लोह शरीराला पालेभाजीतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज मिळते. ज्या ताटाला त्याची गरज अधिक, त्याच ताटात ते पोहोचत नाही. नवऱ्याने आपल्या ताटातल्या दोन फोडी तिच्या ताटात सरकवल्या तर घरात चार डोळे वर होतात. होऊ द्यावेत.

आता सासूबाईंचे म्हणणे. "आम्ही नाही का जेवलो मागून? आम्हाला काय झालं?" हा प्रश्न मला अनेकदा ऐकावा लागतो आणि तो रागाने विचारला जात असला तरी मला त्या माउलीचा राग येत नाही. मी म्हणतो, "आई, तुम्हीही बसा, तुमचंही रक्त तपासू." दोघींची चिठ्ठी एकदम येते आणि पुष्कळदा दोघींचे आकडे सख्ख्या बहिणींसारखे निघतात. मग गोळ्यांची दोन पाकिटे घरी जातात. एका घरात तर पुढे सासू-सून एकमेकींना "गोळी घेतली का?" विचारू लागल्या आणि नवरा बाजूलाच पडला.

नवऱ्यांची अडचण वेगळी असते. बायकोसाठी जेवायचे थांबावे असे मनात असते, पण "बाईलवेडा" हा शब्द कानावर येईल ह्याची धास्ती. भाऊ हसतात, बहीण चिडवते. मी अशा तरुणांना सांगतो, "डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून घरी सांग, हवं तर माझ्या चिठ्ठीवर लिहून देतो." आणि दोघा-तिघांना खरोखरच लिहून दिले आहे: 'रात्रीचे जेवण पत्नीसह.' औषधविक्रेत्याने एकदा विचारून घेतले की हे कोणत्या कंपनीचे.

एकत्र जेवायला मोठा खटाटोप लागत नाही. भाजी-आमटी-पोळ्या मध्ये ठेवाव्यात आणि सगळ्यांनी आपापले वाढून घ्यावे. घर मोठे असेल आणि ते जमत नसेल, तर सुनेचे ताट आधी वाढून झाकून ठेवावे. एवढ्यानेही फरक पडतो. मोड आलेली मटकी, चवळी, हरभरा, पालेभाजी, बाजरी, तीळ, अळीव ह्या गोष्टी आपल्या घरात असतातच. उसळीवर लिंबू पिळावे, कारण त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतले लोह अधिक शोषले जाते. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहा ते शोषण अडवतो. निदान तासभर जाऊ द्यावा. नव्या संसारात चहावरून भांडणे फार. त्याला आल्याचा हवा, तिला वेलदोड्याचा. त्याच्या आईचा गोड, तिच्या आईचा फिका. आले की वेलदोडा हे आपसांत मिटवावे, मला फक्त वेळ सांभाळून हवी.

ह्या वयाला आणखी एक कारण जोडलेले आहे. लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांत बहुतेकींना दिवस जातात. रिकाम्या तिजोरीने बाळंतपणाला सामोरे जाणे धोक्याचे असते. प्रसूतीच्या वेळी थोडा अधिक रक्तस्राव झाला, तर जिच्या अंगात रक्त आहे ती निभावून नेते, आणि जिच्या अंगात नाही तिच्यासाठी रात्री दोन वाजता जिल्ह्याच्या गावी रक्तपेढी शोधावी लागते. गरोदरपणात सरकारी केंद्रात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात, १८० दिवस रोज एक. त्या घ्याव्यातच, पण सुरुवात त्याआधी, ताटापासून व्हावी. मूल हवे असे ठरले की फोलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधी सुरू करावी, म्हणजे बाळाच्या मज्जारज्जूचे दोष बऱ्याच अंशी टळतात. लोहाच्या गोळ्यांनी शौचास काळे होते, त्याला घाबरू नये. आणि महिना-दोन महिने नीट गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर सिकलसेल व थॅलेसेमियाची तपासणी करून घ्यावी. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या भागात हे विशेष लक्षात ठेवावे.

काही नवरे फार गोड असतात. बायको अर्धपोटी झोपते हे त्यांना कळते, पण आईला सांगायचे धैर्य नसते. मग रात्री खिशातून पुडी येते. कचोरी किंवा भजी. दार लावून, दिवा घालवून दोघे ती खातात. पण पुडीचा कागद असा काही कुरकुरतो की पलीकडच्या खोलीतले आजोबा विचारतात, "मांजर शिरलं का रे?" अशा नवऱ्यांचे मला कौतुक आहे. त्यांनी फक्त पुडीतला माल बदलावा. फुटाणे, शेंगदाण्याची किंवा तिळाची चिक्की, हंगामात पेरू, आवळा. कागदही छापील नको. शाई तेलात उतरते, मग तो आमच्याच वर्तमानपत्राचा असला तरी.

ताटाबरोबर तांब्याचाही विचार व्हावा. नवी सून पाणी कमी पिते. कारण विचारले तर सांगत नाही, पण घराचा नकाशा पाहिला की समजते. संडास मागच्या परसात, आणि तिथे जायचे तर सासऱ्यांच्या आरामखुर्चीसमोरून. ती लघवी रोखून धरते. त्यात नव्या नवलाईच्या दिवसांत शरीरसंबंधांमुळे मूत्रमार्गात जंतू शिरण्याचा संभव अधिक असतो. वैद्यकात ह्या दुखण्याला 'हनिमून'चेच नाव चिकटले आहे. जळजळ, वारंवार जावेसे वाटणे, ओटीपोटात दुखणे, कधी थंडी वाजून ताप. ह्यात लाजण्यासारखे काही नाही आणि कोणाचा दोषही नाही. भरपूर पाणी प्यावे, लघवी रोखू नये, संबंधांनंतर लघवीला जाऊन यावे. लघवी तपासून घ्यावी आणि औषधाचा डोस पुरा करावा. नवऱ्याने रात्री तिच्यासोबत परसाच्या दारापर्यंत चालत जावे. आणि सासऱ्यांनी आरामखुर्ची ओट्यावर नेली तर तिथे वाराही चांगला लागतो.

आता उरला नवरा. बायको वाळते तेव्हा हा गृहस्थ बहुधा फुगत असतो. सासुरवाडीची दिवाळी, श्रावणातले सण, अधिक महिना आला तर जावयाला तेहतीस अनारशांचे वाण आणि वर धोंडे. "जावईबापू, लाजू नका." लाजतो कोण! वर्षभरात पँट शिंप्याकडे जाते. एका मुलीने नवऱ्याचे घोरणे मोबाईलवर टिपून आणले आणि दवाखान्यात लावले. बाहेर बसलेले रोगी डोकावून पाहू लागले, आत कोणते यंत्र सुरू झाले म्हणून. मला त्यात आवाजापेक्षा शांतता खटकली. मधेच श्वास काही सेकंद थांबत होता आणि मग दचकल्यासारखा सुरू होत होता. दिवसा तो दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या झोपतो, असेही तिने सांगितले. नुसते घोरणे ही थट्टेची गोष्ट आहे. श्वास अडून घोरणे आणि दिवसा झोप येणे ही तपासायची. त्याचा रक्तदाब ह्या वयाला न शोभणारा निघाला. तज्ज्ञांकडे पाठवले, वजन उतरवायला सांगितले, रात्रीची तिसरी पोळी बंद केली. ती आता तिच्या ताटात जाते, कारण दोघे बरोबर जेवतात. शिवाय त्याने कुशीवर झोपायचे असे ठरले आहे. उताणा वळला की ती कोपर मारते.