दारामागचे दशावतार

मैत्रिणींनो, मुलाच्या खोलीतून गिटारचा दणदणाट आणि घशातून काढलेली गुरगुर ऐकू आली, की ‘बंद कर ते आधी!’ असं आपल्या तोंडून निघतंच. या संगीताला हेवी मेटल म्हणतात. पण त्यात आहे तरी काय, हे कधी विचारलंत?

मुंबईत २००० साली सुरू झालेल्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या बँडचा २०१७ चा अल्बम आहे ‘दशावतार’. मत्स्य, कूर्म, वराहापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी! शब्द इंग्रजी, गोष्टी मात्र आजीने सांगितलेल्याच. बँडचा गायक साहिल मखिजा याचा यूट्यूबवर स्वयंपाकाचा कार्यक्रमही आहे, बरं का!

इथे नगरला शाळेत शिकवताना मी पाहते, आठवी-नववीपासून मुलं घरात बोलेनाशी होतात. त्यांना बोलतं करायला काही निमित्त लागतं. म्हणून एखाद्या संध्याकाळी मुलाजवळ बसा. नरसिंहाचं गाणं लावायला सांगा. शब्दांचा अर्थ त्याने सांगावा. हिरण्यकशिपूचा वध उंबरठ्यावरच का झाला, ते तुम्ही सांगा. गाणं आवडलंच पाहिजे असं नाही. आवाज तेवढा निम्म्यावर ठेवायला लावा, कान जन्मभर पुरवायचे आहेत. बघा तर करून!