'म्हातारचळ' म्हणून सोडून देऊ नका

"आजोबांना चळ लागलाय, लक्ष देऊ नका." हे वाक्य आपण किती सहज बोलतो! आणि याच वाक्यामुळे किती म्हातारी माणसं डॉक्टरपर्यंत पोचतच नाहीत.

मंडळी, आधी एक फरक समजून घ्या. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो, वेग मंदावतो. नाव पटकन ओठावर येत नाही, चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. हे बहुतेकांचं होतं. पण रोजच्या देवळातून घरी येताना वाट चुकणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत पाचदा विचारणं, जन्मभर दुकान चालवलेल्याला सुट्टे पैसे न जमणं, हे नुसतं वय नाही. तो स्मृतिभ्रंश असू शकतो. कधी कारण बी-१२ची कमतरता किंवा थायरॉइडही निघतं, त्यावर औषध आहे. पण तपासलं तरच कळणार ना?

देशात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. आणि २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने सांगितलंय की १४ धोके आवरले तर जगातले जवळपास ४५ टक्के रुग्ण टळू शकतात किंवा आजार लांबवता येतो. यादीत बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, दारू, बैठं आयुष्य, एकटेपणा आहे. डोक्याला मार आहे, म्हणजे हेल्मेटही आलंच. आणि कमी दिसणं, कमी ऐकू येणंही आहे.

कानाकडे तर आपलं लक्षच नसतं. ऐकू येईना की माणूस कट्ट्यावर जाणं सोडतो. घरचे आधी ओरडून बोलतात, मग बोलणंच सोडतात. मेंदूचा खुराकच बंद!

सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. वय ६५ च्या पुढे आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर साहित्यासाठी ३,००० रुपये एकदाच खात्यात येतात. त्यात चष्मा, श्रवणयंत्र बसतं. चांगल्या यंत्राची किंमत याच्या कितीतरी पट, हा भाग वेगळा. पण आपल्या गावात कान तपासायचा कुठे? त्यासाठी जिल्ह्याला जायचं, म्हणजे एसटी, सोबत कुणीतरी आणि त्याचा बुडालेला रोज.

शिबिरं भरतात, बीपी-शुगर बघतात, फोटो निघतात. माझी मागणी साधी आहे. महिन्यातून एक दिवस सरकारी दवाखान्यात कान, डोळे आणि स्मरणशक्तीची तपासणी ठेवा. आणि म्हाताऱ्यांना न अडखळता चालता येईल असा एक तरी रस्ता द्या. वाढदिवसाच्या फ्लेक्सपेक्षा हे स्वस्त पडेल.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. चाळिशीतल्यांनो, तुम्हीही बीपी मोजून घ्या, कारण मेंदूची झीज म्हातारपणाच्या कितीतरी आधी सुरू होते. आणि घरातल्या मोठ्यांशी रोज पंधरा मिनिटं समोर बसून बोला. मोबाइल बाजूला ठेवून.