दंडुक्याला हिशेब विचारता येत नाही



‘लष्करी उठाव’ हे शब्द आपण बातम्यांत ऐकतो आणि सोडून देतो. आपल्या देशात तसे कधी झाले नाही, म्हणून त्याची झळ आपल्याला ठाऊक नाही. मी ती लहानपणी सोसली आहे, म्हणून आज चार शब्द लिहितो.

माझे वडील आफ्रिकेतल्या युगांडा देशात, जिंजा गावाजवळच्या साखर कारखान्यात फिटर होते. २५ जानेवारी १९७१ रोजी तिथले अध्यक्ष मिल्टन ओबोटे परिषदेसाठी सिंगापूरला गेले होते. ती संधी साधून सेनापती इदी अमीनने सत्ता बळकावली. एका सैनिकाने रेडिओवर जुन्या सरकारचे अठरा दोष वाचून दाखवले. आईने घरातली सगळी भांडी पाण्याने भरून ठेवली. आम्हा पोरांना शाळा बुडाल्याचाच आनंद! मोठी माणसेही खूश होती. राजधानी कंपालात तर लोक रस्त्यावर नाचले.

पुढे अमीनचे दोष मोजायला कोणी उरले नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये त्याने फर्मान काढले, भारत-पाकिस्तानातून आलेल्यांनी ९० दिवसांत देश सोडावा. ना सुनावणी, ना अर्ज. हजारो कुटुंबे निघाली. आम्ही रेल्वेने मोंबासा बंदर गाठले आणि बोटीने मुंबईला आलो. वाटेत तपासणीच्या नावाखाली शिपायांनी आईच्या बांगड्या उतरवून घेतल्या.

मागे जाणती माणसे उरली नाहीत. गाळप ढासळले, आणि साखर करणारा देश बाहेरून साखर आणू लागला. जिंजाजवळचा काकिरा कारखाना १९८५ नंतर, मूळ मालक परतल्यावर, पुन्हा उभा राहिला.

कारखाना बंद पडला म्हणजे घराघरांत काय होते, हे पाटसकरांना सांगायला नको. आपला भीमा कारखानाही मध्ये काही हंगाम बंद होता. पण फरक पाहा. इथे सभासद सर्वसाधारण सभेत उभा राहून हिशेब विचारू शकतो, मत देऊन संचालक बदलू शकतो. तिथे ती वाटच बुजली होती. १९७९ मध्ये टांझानियाची फौज आत शिरली, तेव्हा कुठे अमीन पळाला.

पारावर कोणी म्हणतो, “एखादा दंडुकेवाला आला की सगळे सरळ होतील.” त्याला एवढेच विचारा, उद्या तो तुझ्या दारात आला, तर दाद कुणाकडे मागशील?

येत्या ग्रामसभेला घरातल्या बायामाणसांसह जा, आणि एक तरी प्रश्न विचारून या.