दुसरी किल्ली

या सदरात एरवी शब्दांची चर्चा चालते. या वेळी एका वस्तूविषयी लिहावयाचे आहे. तरी सवयीप्रमाणे आरंभ शब्दापासूनच करतो. ‘कुलूप’ आपल्याकडे अरबीतून फारसीच्या वाटेने आले आणि ‘चावी’ पोर्तुगीजांकडून मिळाली. दोघे दोन देशांचे, पण आपल्या घरांत शतकानुशतके सुखाने नांदले. अलीकडे मात्र अशी एक चावी निघाली आहे की, तिला चावी म्हणावे की नाही असाच प्रश्न पडावा. तिची खरी ओळख मला गेल्या कार्तिकात महेश्वरच्या घाटावर झाली.

माझे थोरले बंधू बडोद्यास स्थायिक होते. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेने एक मोठी, परदेशी बनावटीची गाडी घेतली. गेल्या चैत्रात ते अकस्मात गेले. ‘एकदा नर्मदास्नानाला जाऊ’ हे त्यांचे बोलणे राहूनच गेले होते. ते पुरे करावे म्हणून पुतण्या तीच गाडी घेऊन इंदूरला आला आणि आम्ही दोघे महेश्वरला गेलो. वहिनी आल्या नाहीत. सात महिन्यांत त्यांनी घराचा उंबरठा क्वचितच ओलांडला होता.

पुतण्याने तीन बुड्या मारल्या, वर आला, आणि खिसा चाचपून एकदम पांढराफटक पडला. “काका, किल्ली गेली!”

ही किल्ली कुलपात घालून फिरवावयाची नसते. ती खिशात असली की दार उघडते आणि बटण दाबताच गाडी सुरू होते. जी वस्तू हाताला लागत नाही, तिची आठवण मनालाही राहत नाही. धातूची जुडगा-किल्ली असती, तर पाण्यात उतरण्यापूर्वी त्याने ती नक्की माझ्या हाती दिली असती.

मी म्हटले, “अरे, गावात किल्लीवाला असेल. त्याच्याकडून एक घासून घेऊ.” पुतण्या खिन्नपणे हसला. त्याने इंदूरच्या वर्कशॉपला फोन लावला. पलीकडच्या गृहस्थाने दोनच प्रश्न विचारले : “दुसरी किल्ली आहे का?” आणि “गाडी कोणाच्या नावावर आहे?” पहिल्याचे उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. दुसऱ्याचे ठाऊक होते, पण पुतण्याच्या तोंडून ते निघेना. अखेर मीच सांगितले, “मालक हयात नाहीत.”

येथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. किल्ली फिरवून गाडी सुरू करण्याची सोय क्रायस्लर कंपनीने 1949 साली आणली. तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे किल्ली म्हणजे दात पाडलेला धातूचा तुकडा. दात जुळले की काम झाले. 1986 साली अमेरिकेतील कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीत विजेला ठरावीक अडथळा करणारा एक कण बसविण्यात आला. असे अडथळे पंधरा प्रकारचे होते; म्हणजे चोराने पंधरा किल्ल्या बाळगल्या की झाले! पुढे तेथे इवलीशी चिप आली. युरोपात 1998 पासून नव्या मोटारींना अशी व्यवस्था सक्तीची झाली.

तिचे काम परीक्षेसारखे चालते. गाडी किल्लीला एक यादृच्छिक संख्या पाठविते. किल्ली आपल्यापाशी असलेल्या गुप्त संकेताने त्या संख्येचे गणित करून उत्तर देते. गाडीही तेच गणित करून उत्तर ताडून पाहते. प्रश्न दर वेळी नवा, म्हणून पाठ केलेले उत्तर उपयोगी पडत नाही. उत्तर जुळले नाही, तर इंजिन सुरू होत नाही. त्यामुळे धातू कितीही हुबेहूब घासला तरी व्यर्थ. नव्या किल्लीची ओळख गाडीच्या स्मृतीत नोंदवावीच लागते. हीच ती ‘प्रोग्रॅमिंग’ नावाची क्रिया.

किल्ली सतरा अक्षरांकांच्या चॅसिस क्रमांकावरून मागवावी लागते. ती आल्यावर स्टिअरिंगखालच्या जोडणीत यंत्र लावून, कंपनीच्या संगणकाकडून परवानगी घेऊन नोंद करतात. एक चालू किल्ली हाती असेल तर काम सोपे. एकही नसेल तर गाडी वाहकावर चढवून न्यावी लागते आणि खर्च व दिवस दोन्ही वाढतात. किल्लीच्या किमतीचा आकडा येथे लिहीत नाही. माझ्या पहिल्या नेमणुकीचा वर्षाचा पगार त्याहून कमी होता, एवढेच सांगतो.

आणि या सर्वांआधी मालकाची ओळख व नोंदणीपत्र दाखविणे आवश्यक. “नाव बदलून आणा, मग किल्ली,” असे वर्कशॉपने स्वच्छ सांगितले. मला क्षणभर राग आला. मग वाटले, मी तरी कोणा अनोळखी माणसाला विद्यार्थ्याचा दाखला देतो काय? ज्याची वस्तू त्यालाच ती मिळावी म्हणूनच हा खटाटोप आहे.

चूक आमचीच होती. मोटारवाहन नियमांनुसार मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असते आणि तीन महिन्यांच्या आत नमुना 31 भरून वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी अर्ज द्यावयाचा असतो. सात महिने उलटले होते. पुतण्या म्हणाला, “काका, कागद तयार होते. पण त्यावरून बाबांचे नाव जाणार म्हणून आई सही करीना. मीही आग्रह धरला नाही.”

रात्री इंदूरहून त्याने आईला फोन केला. बंधूंचे कपाट वहिनींनी चैत्रापासून उघडले नव्हते. तासाभराने त्यांचाच फोन आला. “सापडली. चष्म्याच्या घरात होती,” एवढेच त्या म्हणाल्या. पुतण्या ती आणावयास निघणार, तोच पुढचे शब्द आले, “तू येऊ नकोस. मीच घेऊन येते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बसमधून उतरल्या, त्या किल्ली रुमालात घट्ट बांधून. तिघेही भाड्याच्या गाडीने महेश्वरला गेलो. पण गाडी उघडेना! इतके महिने पडून किल्लीतील सेल संपला होता. पुतण्याने किल्लीच्या पोटात दडवलेले धातूचे पाते ओढून काढले आणि त्याने दार उघडले. मग किल्ली गाडीतल्या खुणेच्या जागी धरून बटण दाबले. ओळख पटविणाऱ्या चिपला स्वतःचा सेल लागत नाही. गाडीतील वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रातूनच तिला शक्ती मिळते. इंजिन सुरू झाले. वहिनी मात्र गाडीत बसल्या नाहीत. “आलेच आहे, तर स्नान करून येते,” असे म्हणून त्या घाटाकडे वळल्या.

बडोद्यास परतल्यावर त्यांनी स्वतःच कागदावर सही केली. महिन्याभराने नाव बदलून आले, आणि तेव्हा नवी किल्ली झाली. नोंद करताना घरातल्या सर्व किल्ल्या बरोबर न्याव्या लागतात. कारण अनेक गाड्यांत जुनी यादी पुसून, हजर असतील त्यांचीच पुन्हा नोंद होते. हरवलेली किल्ली आपोआप बाद ठरते. तिचे पाते कोणास सापडले तर दार उघडेल, पण इंजिन चालू व्हावयाचे नाही.

या विद्येलाही मर्यादा आहेत. झुरिकच्या संशोधकांनी 2011 मध्ये दहा प्रकारच्या गाड्या तपासून दाखविले की, घरात ठेवलेल्या किल्लीचा संदेश मधल्या यंत्रांनी पुढे पोहोचवून गाडी फसविता येते. म्हणून अशी किल्ली दाराशी खुंटीला न टांगता आत, शक्य तर धातूच्या बंद डब्यात ठेवावी.

आणखी काही गोष्टी अनुभवाने सांगतो. दोन्ही किल्ल्या कोठे आहेत हे घरातील दोघांना तरी ठाऊक असावे. सुटी किल्ली अधूनमधून वापरावी आणि तिचा सेल वेळेवर बदलावा. प्रवासात ती दुसऱ्या माणसाजवळ द्यावी. किल्ली हरवल्यास पोलिसांत नोंद करावी. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सामान्यतः सगळ्या मूळ किल्ल्या मागते. किल्ली बदलण्याच्या खर्चासाठी विम्याला वेगळी जोडही मिळते. आणि घरातील माणूस गेल्यावर त्याच्या नावाचे कागद, मन कितीही कचरत असले तरी, वेळेत पुरे करावेत.

नवी किल्ली घेण्यास वहिनी स्वतः गेल्या होत्या. यंत्र लावणाऱ्या मुलाला त्यांनी विचारले, “यांची जुनी किल्ली पुसून जाणार नाही ना?” तो म्हणाला, “नाही मावशी. नदीत गेली तीच बाद केली. ही गाडीच्या आठवणीत आहे.”

आता ती किल्ली वहिनींच्या पिशवीत असते. दर एकादशीला त्या मुलाबरोबर विठ्ठलमंदिरात जातात, आणि जाताना गाडी त्याच किल्लीने उघडतात.