‘साभार’ हा शब्द कुणी पुसला?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना बेदम मारून ठार केले. ते भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. त्याच रात्री नाशिक जिल्ह्यातील मालेगावात एका परक्या कुटुंबावर असाच जमाव चालून गेला. पोलिसांनी सोडविले म्हणून ती माणसे वाचली.

जमावाच्या हाती दगड येण्यापूर्वी भ्रमणध्वनीवरील अफवा आली होती. त्या काळी देशभर फिरलेल्या अशा अफवांतील एक चित्रफीत पाहण्याजोगी आहे. दुचाकीवरून मूल उचलून नेले जाते, एवढेच तीत दिसे. मुळात ती कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करण्यासाठी तयार केली होती. मूळ चित्रफितीच्या अखेरीस मूल परत सोडले जाते आणि संस्थेचा संदेश झळकतो. कुणीतरी तो शेवट कापला, आणि लोकशिक्षणाचे साधन खुनाचे हत्यार झाले.

यावरून लोकांनी मजकुराची देवाणघेवाणच करू नये, असा निष्कर्ष काढणारे शहाणे पुष्कळ आहेत. तो साफ चुकीचा आहे. ज्यांच्या मालकीची वृत्तपत्रे नाहीत, त्यांच्यापाशी मजकूर हातोहात पोहोचविण्याखेरीज दुसरे साधन कोणते? चळवळीची नियतकालिके एकमेकांचा मजकूर उचलीत. पण खाली ‘अमुक अंकावरून साभार’ अशी ओळ छापीत. त्या ओळीत लेखकाच्या श्रमाची कबुली होती आणि वाचकाला मूळ पडताळण्याचा मार्गही होता. कृतीवर आपले नाव सांगण्याचा लेखकाचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नेही मान्य केला आहे.

मग ही ओळ कुणी पुसली? २०१४ मध्ये फेसबुकने सुमारे १९ अब्ज डॉलर मोजून व्हॉट्सॲप विकत घेण्याचा सौदा केला, तो जनतेच्या प्रबोधनासाठी नव्हे. तेथे कुणाचाही तुकडा बोटाच्या एका स्पर्शासरशी पुढे जातो. कर्ता, दिनांक आणि स्थळ मागे राहते. जुलै २०१८ मध्ये कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे धाडण्याची मर्यादा जाहीर केली आणि ‘फॉरवर्डेड’ हा शिक्का आणला. मजकूर दुसऱ्याचा आहे, एवढेच तो शिक्का सांगतो. कुणाचा, हे सांगत नाही.

सरकारचा उपाय याहून घातक आहे. न्यायालयाचा वा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश येताच संदेशाचा पहिला प्रेषक हुडकून देण्याची सक्ती २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या संदेश कंपन्यांवर केली. मजकुराचे मूळ सांगणे वेगळे आणि माणसाच्या मागावर राहणे वेगळे. अफवाखोरासाठी म्हणून उघडलेली ही वाट उद्या संपाचे पत्रक धाडणाऱ्या यंत्रमाग कामगाराच्या दारापर्यंत जाणार नाही, याची हमी कोण देणार?

उपाय कार्यकर्त्यांच्याच हाती आहे. ज्या मजकुराखाली कर्ता, दिनांक आणि मूळ पृष्ठाचा दुवा नाही, तो त्यांनी पुढे धाडू नये. तुकडा जरूर घ्यावा. पण अर्थ फिरेल असा कापू नये. चळवळीची पत्रके व छायाचित्रे श्रेयोल्लेख करून कुणीही वापरावीत, असे त्यांवरच स्पष्ट लिहावे. देवाणघेवाण थांबवायची नाही. तिला नाव-गाव द्यायचे आहे. राईनपाड्याच्या जमावाने त्या पाच माणसांचे नाव-गाव ऐकून घेतले नाही. त्याआधी अफवेचे नाव-गावही कुणी विचारले नव्हते.