शाळा मुलीची, हजेरी आईची

वाळूजला एका कारखान्यात पॅकिंगचं काम करणारी बाई सहा वर्षांच्या मुलीसाठी शाळा शोधत होती. मुलीला नीट दिसत नाही, मान धरवत नाही, फिट्स येतात, घास भरवावा लागतो. तिच्याबरोबर मी चार शाळा पाहिल्या. चारही ठिकाणी पहिला प्रश्न एकच: “आई दिवसभर बसेल का?” वडील शेजारीच उभे होते. त्यांना कुणी विचारलं नाही.

मैत्रिणींनो, कायदा असं म्हणत नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. ज्यांना जास्त आधार लागतो, त्यांच्या मदतनिसाच्याही वाहतुकीची सोय शाळेने करायची आहे. मदतनीस म्हणजे आई, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. ज्यांना प्रवास सोसत नाही त्यांच्यासाठी तो हवाच. पण “तिला इथे त्रास होईल, घरीच शिकवा” असं शाळा गोड बोलून सांगते, तेव्हा तो पर्याय उरत नाही. शिक्षक अधूनमधून येतात; बाकीचे तास आई भरते, नाहीतर थोरली बहीण. मग त्या बहिणीचीही शाळा सुटते.

मिथू अलूर यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी होती. त्यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी उभी केली. मोठंच काम. पण पॅकिंगवाल्या बाईनेही शाळा काढायची का?

शाळा बघताना रंगवलेल्या भिंतींकडे मी बघत नाही. घास कोण भरवतं, किती वेळ देऊन? लंगोट कोण बदलतं, तिथे आडोसा आहे का, बाई मदतनीस आहे का? बोलू न शकणाऱ्या मुलीच्या बाबतीत हे विचारायला लाजू नये. फिट आली तर काय करायचं ते कुणाला माहीत आहे? तिच्या हो-नाहीच्या खुणा कोण शिकून घेईल? हे जमत असेल तर साधी शाळा की विशेष, हा वाद मला दुय्यम वाटतो.

पाळणाघरासाठी आपण मोर्चे काढले. शाळेत पगारी मदतनिसाची मागणी मात्र अजून पालकांच्या संघटनांवरच सोडली आहे. ती आपल्या मागणीपत्रात यायला हवी. तोवर एखाद्या आईबरोबर शाळेत गेलात, तर नकार लेखी मागा. कागद मागितला की बोलण्याचा सूर बदलतो.